डाकोटाची डावी बाजू

झालं एकदाचं! गेले पाच महिने ज्याच्यापायी आमचं जेवणाचं टेबल अर्धं अडकलं होतं, ते विमान गेल्या रविवारी पूर्ण झालं. विमान म्हणजे एसी-४७ गनशिप. नाव अनोळखी वाटेल, पण चेहरा ओळखीचा आहे. आपलं जुनं डाकोटा, त्याचाच हा व्हिएतनाम युद्धातला अवतार. किट १/४८ प्रमाणातला आहे, त्यामुळे या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत मोजलं तर दोन फूट भरतात. शोकेसमध्ये मावायचा प्रश्नच नव्हता. पुस्तकांच्या कपाटावर ठेवलंय आणि तिकडे फडकं फिरवायचं नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे.

फोटो काढून घरच्या मंडळींना पाठवले. आत्याचा लगेच फोन आला. "सुंदर झालंय रे, पण एवढे महिने डोळे फोडून शेवटी केलंस काय, तर माणसं मारायचं यंत्र! त्यापेक्षा एखादं गलबत तरी करायचंस." हे मी माझ्या एका मॉडेलवाल्या मित्राला सांगितलं तर तो खो खो हसला. "प्लास्टिक आहे रे ते. सांधा दिसत नाही ना, रंग बरोबर बसलाय ना, एवढंच बघायचं. युद्धबिद्ध इतिहासवाल्यांनी बघावं."

मला या दोघांचंही पटलं नाही. पण का पटलं नाही ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना. म्हणून हा लेख. थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसलात तर बरं.

आधी विमानाबद्दल. डाकोटा हे मूळचं प्रवासी विमान. डग्लस कंपनीचं डीसी-३ पहिल्यांदा उडालं ते १७ डिसेंबर १९३५ ला. दुसऱ्या महायुद्धात त्याचंच लष्करी रूप सी-४७ तयार झालं आणि अशी दहा हजारांच्या वर विमानं बनली. ब्रिटिश त्याला डाकोटा म्हणायचे, आपणही तेच नाव उचललं. युद्ध संपल्यावर ही विमानं स्वस्तात विकायला निघाली आणि जगभरच्या, आपल्याकडच्याही, बऱ्याच विमान कंपन्या त्यांच्याच जिवावर उभ्या राहिल्या.

आमच्या नागपूरच्या मामांकडे लहानपणी सुट्टीत गेलो की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळायची. १९४९ साली आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून रात्री विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला चारही विमानं नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर जमायची. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात व्हायच्या आणि पहाटेच्या आत सगळी आपापल्या गावी परत. ही विमानं सुरुवातीला डाकोटाच होती. मामांच्या वडिलांची झोप त्या आवाजाने मोडायची म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचं पत्र हातात पडलं की ते सगळं माफ असायचं. माझ्या डोक्यात डाकोटा म्हणजे हेच. रात्री उठून टपाल आणणारं कष्टाळू विमान.

व्हिएतनाममध्येही हे रात्रीचंच विमान होतं. फक्त काम वेगळं.

१९६४ पर्यंत जेटचा जमाना येऊन बरीच वर्षं झाली होती. व्हिएतनाममध्ये अमेरिकन हवाई दलाची अडचण मात्र जेटने सुटणारी नव्हती. दक्षिण व्हिएतनामच्या खेड्यापाड्यांत मातीचे बांध आणि काटेरी तारांची कुंपणं असलेल्या छोट्या छोट्या चौक्या होत्या. व्हिएतकाँगचे गनीम त्यांच्यावर हल्ला करायचे तो रात्री. जेट विमान बोलावलं तर त्याला अंधारात काही दिसणार नाही. दिसलंच तरी ते काही सेकंदांत पुढे निघून जाणार, आणि वळून परत येईपर्यंत खालचं चित्र पालटलेलं असणार.

यावर निघालेला उपाय ऐकायला अगदी साधा आहे. बंदुका विमानाच्या नाकात न बसवता त्याच्या कुशीत, आडव्या बसवायच्या. मग विमान डाव्या अंगावर कलतं करून एकाच जागेभोवती गोल गोल फिरवत राहायचं. घाण्याभोवती बैल फिरतो तसं. बैलाची एक कूस कायम घाण्याकडे असते, तशी विमानाची डावी कूस कायम त्या एका बिंदूकडे. विमान फिरत राहतं आणि मारा एकाच ठिकाणी पडत राहतो.

या कल्पनेचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सापडली ती काही डोक्यातून जात नाही. दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरच्या जंगलात, नेट सेंट नावाचा एक मिशनरी वैमानिक होता. जिथे उतरायला जागा नाही तिथे सामान कसं पोचवायचं यावर त्याने युक्ती काढली होती. छोटं विमान गोल गोल फिरवायचं आणि त्यातून लांबच लांब दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची. दोरी पुरेशी लांब असली की बादली वर्तुळाच्या मध्यभागी जवळजवळ स्थिर उभी राहते. खालचा माणूस त्यातून वस्तू काढून घेऊ शकतो, उलट आपली वस्तू ठेवूही शकतो. १९५५ साली त्याने जंगलातल्या वाओरानी लोकांना भेटवस्तू पाठवल्या त्या याच बादलीतून. त्यांनीही उलट भेटी पाठवल्या. पुढे जानेवारी १९५६ मध्ये तो आणि त्याचे चार सोबती त्याच लोकांच्या भाल्यांनी मारले गेले, ती एक वेगळीच दुःखद कथा आहे. पण गनशिपच्या जन्माच्या हकिकतीत मिशनऱ्याच्या या बादलीचा उल्लेख येतो. गोल फिरणाऱ्या विमानातून एका बिंदूशी संबंध ठेवता येतो, हे भूमितीचं ज्ञान. दोरीच्या टोकाला काय बांधायचं ते माणसाने ठरवायचं.

अमेरिकन हवाई दलात रॉन टेरी नावाच्या कॅप्टनने ही कल्पना लावून धरली आणि डिसेंबर १९६४ मध्ये अशी पहिली विमानं व्हिएतनाममध्ये प्रत्यक्ष लढाईत उतरली. डाकोटा निवडलं कारण ते सावकाश उडतं, तासन् तास हवेत राहतं आणि मुबलक होतं. डाव्या बाजूच्या मागच्या दोन खिडक्यांत एकेक आणि दारात एक अशा तीन मिनिगन बसवल्या. मिनिगन हे नाव फसवं आहे. एकेक बंदूक मिनिटाला सहा हजारांपर्यंत गोळ्या झाडू शकते, म्हणजे सेकंदाला शंभर. तिन्ही मिळून तीनशे. हा आकडा टाइप करताना एक सेकंद गेला असेल, तेवढ्यात तीनशे.

गंमत म्हणजे बंदुका जागच्या हलतच नाहीत. वैमानिकाच्या डाव्या खिडकीत नेम धरायचं यंत्र लावलेलं असतं. त्यातून तो बाहेर बघतो, अख्खं विमान त्या नेमावर धरून ठेवतो आणि बटण दाबतो. मागे गोळ्या भरायला आणि बिघडलेली बंदूक सुरू करायला माणसं. शिवाय दाराशी एक माणूस प्रकाशाचे बाण, म्हणजे पॅराशूट लावलेल्या फ्लेअर, हातांनी बाहेर टाकायला. एक फ्लेअर साधारण तीन मिनिटं जळायची आणि खालचं शेत दिवसासारखं उजळायचं. वाचताना वाटतं की केवढं आधुनिक यंत्र असेल. प्रत्यक्षात आठ माणसं घामाने निथळत एका जुन्या टपालगाडीत धावपळ करत होती, असंच म्हणायला पाहिजे.

त्याची नावंही बघा. रेडिओवरचं नाव स्पूकी, म्हणजे भुताटकीचं. आणि टोपणनाव पफ, हे १९६३ साली गाजलेल्या एका गाण्यातल्या ड्रॅगनचं. लहान मुलांसाठी म्हणतात असं ते गाणं, एका मुलाच्या आणि त्याच्या ड्रॅगनच्या मैत्रीचं. दर पाचवी गोळी चमकणारी असल्यामुळे जमिनीवरून बघणाऱ्याला आभाळातून लालभडक धार उतरताना दिसायची आणि मागाहून घरघर ऐकू यायची. म्हणून ड्रॅगन. चौकीतल्या माणसाला ते नाव लाडाचं वाटलं असेल. कुंपणाबाहेरच्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

आता माझ्या टेबलाकडे येऊ. माझा किट जुन्या साच्यातला आहे. जुना साचा म्हणजे पत्र्यांचे जोड आणि रिव्हेट कोरलेले नसून उठावाचे. सांध्यावर पुटी भरून पॉलिश पेपर मारायला घेतला की शेजारचे रिव्हेटही साफ होतात. ते वाचवायला दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधली रेघ तेवढी घासत बसायचं. विमानाच्या पाठीवरचा सांधा घालवायलाच माझे तीन आठवडे गेले. चिकटवायचं द्रव म्हणजे साधा डिंक नसतो, ते प्लास्टिक किंचित वितळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणजे चूक झाली की झालीच. खिडक्यांच्या काचांना मात्र ते लावायचं नाही, काच पांढुरकी होते. तिथे आपला फेविकॉलच बरा, वाळला की दिसत नाही. एक सुख असं की डाकोटा शेपटीवर बसतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानांच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ती मागे कलंडतात. इथे ती कटकट नाही.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. विमान म्हटलं की आधी आतला भाग करतात, मग दोन अर्ध्या कवच्या मिटतात. तीन बंदुका, त्यांचे गोळ्यांचे ड्रम, फ्लेअरची पेटी, हे सगळं मी आधी रंगवून आत बसवलं आणि कवच्या मिटल्या. रबरबँड लावून रात्रभर ठेवलं. सकाळी उठून बघतो तर समोर साधं डाकोटा उभं! क्षणभर काही कळेना. मग लक्षात आलं की मी उजव्या बाजूने बघत होतो.

उजवीकडून या विमानात काहीच वेगळं नाही. तशाच खिडक्यांची ओळ, तेच गोलसर नाक. सोनेगावला उतरलं असतं तर कोणी मान वर करून बघितलंही नसतं. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलं की तीन नळ्या आपल्याकडे रोखलेल्या. गेल्या पाच महिन्यांत मी या विमानाभोवती किती चकरा मारल्या असतील कोण जाणे, पण हे वळसा घालणं काही जुनं झालं नाही.

या डाव्या बाजूच्या दोन हकिकती आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, माझी अडचण तिथेच आहे.

पहिली दाराच्या आतली. २४ फेब्रुवारी १९६९ ची रात्र, सायगावजवळचं लाँग बिन्ह. स्पूकी ७१ या विमानात जॉन लेव्हिटो नावाचा तेवीस वर्षांचा एअरमन फ्लेअर सज्ज करून द्यायच्या कामावर होता. उखळी तोफेचा एक गोळा विमानाच्या उजव्या पंखावर येऊन फुटला. विमान चाळणीसारखं झालं. मागची सगळी माणसं जखमी होऊन पडली आणि टाकायला तयार धरलेली एक फ्लेअर सज्ज होऊन जमिनीवर गडगडायला लागली. तीन फुटी, दहा-बारा किलोची नळी, काही सेकंदांत पेटणार, आणि आजूबाजूला हजारो गोळ्या. लेव्हिटोच्या अंगात चाळीसपेक्षा जास्त छर्रे घुसले होते, एक पाय बधिर झाला होता. त्याने आधी उघड्या दाराजवळ पडलेल्या एका सोबत्याला आत ओढलं. मग वेड्यावाकड्या कललेल्या विमानात ती नळी काही केल्या हातात येईना, तर तिच्यावर अंग टाकलं, छातीशी धरून सरपटत दारापर्यंत नेली आणि बाहेर ढकलली. ती बाहेर पडते न पडते तोच पेटली. आठही जण वाचले. १९७० मध्ये त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. २००० साली तो वारला.

माझ्या मॉडेलमध्ये ते दार जेमतेम दीड इंच उंचीचं आहे. चिमट्याने तिथे फ्लेअरची पेटी बसवताना माझा हात का थबकला ते मित्राला कसं समजावू? मला ते प्लास्टिक आहे हे माहीत आहे. पण त्या दाराशी एक माणूस सरपटत आला होता हेही आता माहीत आहे. मॉडेल करणारे आम्ही लोक एकेका हिरव्या छटेवरून रात्र रात्र वाद घालतो. वरून दोन हिरवे आणि एक मातकट रंग, पोट काळं की फिकट करडं? (दोन्ही होती. मी काळं केलं, रात्रीच्या विमानाला ते शोभतं.) रंगाच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा आणि त्या विमानाने काय केलं याबद्दल एक अक्षर नाही, हे मला विचित्र वाटतं. अचूकपणा हवा असेल तर तो पूर्ण असू दे की!

दुसरी हकिकत दाराच्या बाहेरची, आणि तिच्यात नावं नाहीत. स्पूकीच्या संरक्षणाखाली असलेली एकही वस्ती कधी शत्रूच्या हाती पडली नाही, असा त्या दलाचा अभिमानाचा दावा होता. चौकीत अडकलेली माणसं, त्यात बहुतेक व्हिएतनामीच, रेडिओवर स्पूकीला हाका मारायची आणि ते येईपर्यंत तग धरायची. कित्येक घरांत त्या विमानामुळे कोणीतरी सकाळी परत आला असेल. हे खोटं नाही. पण कुंपणाबाहेर जे होते तेही व्हिएतनामीच होते. त्यांच्यातले किती मेले हे रात्री तीन हजार फुटांवरून कोण मोजणार? त्या युद्धातले मेलेल्यांचे आकडे किती फुगवलेले असायचे ते पुढे सगळ्या जगाला कळलं. आणि जिथे दिवसा नांगर धरणारा आणि रात्री बंदूक धरणारा कित्येकदा एकच, जिथे शेताच्या कडेला कोणाचं तरी घर असणारच, तिथे सेकंदाला तीनशे गोळ्या माणूस पारखून लागत नाहीत. लेव्हिटोचं नाव मी इथे लिहू शकलो. खालच्या एकाही माणसाचं नाव मला लिहिता येत नाही. या विमानाचा इतिहास असाच एका बाजूने लिहिलेला आहे, आणि ती बाजू विमानात बसलेल्यांची.

अशी एकूण ५३ डाकोटा बदलली गेली. त्यातली १९ गेली, बारा प्रत्यक्ष लढाईत. १९६९ च्या अखेरीला अमेरिकनांनी उरलेली विमानं दक्षिण व्हिएतनाम आणि लाओसच्या हवाली केली, कारण त्यांच्याकडे एव्हाना मोठी गनशिप आली होती. कल्पना मात्र मेली नाही. कोलंबियाने तर नवी इंजिनं घालून याच डाकोटाची गनशिप एकविसाव्या शतकातही वापरली.

आता आत्याकडे वळतो. आत्या, तू वाचणार आहेस हे मला माहीत आहे, तेव्हा रागवू नकोस.

माणसं मारायचं यंत्र घरात का, हा तुझा प्रश्न चांगला आहे. पण हे माझं पहिलं लढाऊ विमान नाही. काही वर्षांपूर्वी मी नॅट केलं होतं, १९६५ च्या युद्धात सेबर विमानं पाडणारं. त्याचा फोटो तू हौसेने सगळ्यांना दाखवला होतास. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा मी माझ्या जुन्या मिगचा फोटो पाठवला तर आपल्या सगळ्यांचेच डोळे पाणावले. माझेही. त्या मिगच्या पंखांखाली मी चार रॉकेटची नळकांडी लावली आहेत. ती काय टपालाची होती? तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र कोणाचं आहे त्यावर तो प्रश्न पडतो किंवा पडत नाही.

डाकोटाचंच घे. २७ ऑक्टोबर १९४७ ला सकाळी दिल्लीहून पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली ती डाकोटा विमानंच होती. २०१८ साली ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेलं एक डाकोटा आपल्या हवाई दलाला भेट मिळालं. त्याचं नाव परशुराम, आणि शेपटीवरचा क्रमांक व्हीपी-९०५ हा श्रीनगरला उतरलेल्या त्या विमानाचा. मला त्याचा अभिमान आहेच. पण त्याच काश्मीरच्या युद्धात आपल्या डाकोटांच्या दारातून बॉम्बही ढकलले गेले, हे फार जणांना माहीत नसतं. तेही डावं दारच. श्रीनगर वाचलं हे खरं, आणि त्या बॉम्बखाली कोणीतरी होतं हेही खरं. लढाई न्याय्य होती असं म्हटल्याने खालचा माणूस नाहीसा होत नाही. आपल्याला तो बघायचा नसतो, एवढंच. आपल्या विमानांकडे आपण उजव्या बाजूने बघतो आणि परक्यांच्या विमानांकडे डाव्या.

म्हणून मला वाटतं की गनशिपचा किट करावा, अगदी मुद्दाम करावा. गलबतापेक्षा तो मला जास्त शिकवून गेला. रणगाडा किंवा फायटर जेट बघताना ते जन्मापासून मारायलाच बनलेलं आहे असं वाटतं आणि आपला त्याच्याशी काही संबंध वाटत नाही. हे विमान तसं नाही. हे लग्नाला जाणारी माणसं, कापडाचे गठ्ठे, पत्रांच्या थैल्या वाहणारं विमान. त्याच्या दोन खिडक्या आणि एक दार यांच्यात काय बसवलं, एवढाच फरक. खिडक्या काढणारे फिटर साधे होते, फ्लेअर टाकणारी पोरं विशी-बाविशीची होती. युद्ध कुठल्या तरी वेगळ्या राक्षसी कारखान्यात तयार होतं असं मला आता वाटत नाही. आपल्या रोजच्या वस्तूंना भोकं पाडूनच ते तयार होतं.

आणि हो, घरातल्या मुलांचा मुद्दा राहिला. भाचा येतो तेव्हा विमानाशी खेळू मागतो. त्याला "ही खेळण्यातली बंदूक" असं सांगायचं नाही असं मी ठरवलंय. तो नऊ वर्षांचा आहे. ही खरी होती, तिने चौकीतली माणसं वाचली आणि चौकीबाहेरची माणसं मेली, हे त्याला समजतं. यापेक्षा कमी सांगणं म्हणजे त्याला फसवणं, आणि यापेक्षा जास्त मलाही येत नाही. त्याच्या आईला हे फारसं पसंत नाही. तिचंही चुकत नसेल. पण टीव्हीवर आणि मोबाइलवर तो रोज ज्या गोळ्या उडताना बघतो, त्या लागलेल्या माणसाचा विचार त्याला कोणी करायला सांगत नाही. निदान या कपाटाजवळ तरी सांगू या.

मित्रा, तुझ्यासाठी एकच. सांधा दिसत नाही. रंगही बरोबर बसलाय. डिकल थोडी चंदेरी दिसतात, तेवढं मान्य.

असो. कपाटावर अजून दोन फूट जागा आहे. तिथे दुसरं डाकोटा करायचं ठरवलंय, रात्रीच्या टपालाचं. डाव्या दारात थैल्यांची थप्पी, खाली हातगाडी, आणि दोन्ही विमानं शेजारी शेजारी, दोघांचीही डावी बाजू खोलीकडे. अडचण एकच आहे. १९४९ ते ५३ च्या सुमाराला सोनेगावला उतरणाऱ्या त्या विमानांचे मला धड फोटो मिळालेले नाहीत. पंखांवरची अक्षरं कशी होती, पट्टा कुठल्या रंगाचा होता, थैल्या ज्यूटच्या होत्या की कॅनव्हासच्या? नागपूरच्या मंडळींनी जुने अल्बम जरा उघडून बघावेत. कोणाचे आजोबा टपाल खात्यात किंवा विमानतळावर होते का? एखादा धुरकट, कोपरा दुमडलेला फोटोही चालेल. आणि मामा, तुमच्या वडिलांना कुठल्या आवाजाने जाग यायची, उतरतानाच्या की उडतानाच्या, तेही एकदा विचारायचं राहिलंय.